चौदा हजारांची टोपी



सध्या मुक्काम बरेलीला आहे आणि इथली थंडी आता अंगाला लागायला लागली आहे. मागच्या रविवारी सगळ्यांनी ट्रंका उघडून गरम कपडे उन्हात टाकले, तशी मीही माझी काळी ट्रंक उघडली. तळाशी, डांबरगोळ्यांच्या पुडीशेजारी, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेली ती टोपी निघाली. खाकी लोकरी कापड, पुढे छज्जा, त्यावर तपकिरी चामड्याचा पट्टा आणि मधोमध तोफेचा बिल्ला. शेजारच्या खोलीतला नायब सुभेदार ती हातात घेऊन म्हणाला, "साहेब, ही फार जुनी दिसते."

मी म्हटलं, "जुनी दिसावी म्हणूनच तशी बनवली आहे."

फसवणुकीला आपण मराठीत 'टोपी घालणे' म्हणतो. बारा वर्षांपूर्वी मला अक्षरशः टोपी घातली गेली, आणि तीही चौदा हजारांची. ही गोष्ट मी आजवर फारशी कुणाला सांगितली नव्हती. पण दुसऱ्या महायुद्धातल्या टोप्या, बिल्ले, पट्टे जमवणारी बरीच तरुण पोरं हल्ली मला पत्रं लिहितात, कुठे काय घ्यावं विचारतात. त्यांच्यासाठी आणि माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून आज ती लिहितो.

२०१३ साली मी हवालदार होतो आणि नागालँडमध्ये होतो. पलटणीचं आणि ठाण्याचं नाव लिहीत नाही, त्याचं कारण नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. कामानिमित्त कोहिमाला दोन-तीन वेळा जाणं झालं. एप्रिल ते जून १९४४ मध्ये जिथे जपानी फौज अडवली गेली, त्या गॅरिसन हिलवर आज युद्धस्मशान आहे. डोंगराच्या उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी १,४२० कबरी आहेत. ज्यांचं दहन झालं त्या ९१७ हिंदू आणि शीख जवानांचं स्मारक वेगळं आहे. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टावर दोन्ही बाजू एकमेकींवर हातबॉम्ब फेकण्याइतक्या जवळ येऊन लढल्या. त्या कोर्टाच्या पांढऱ्या रेषा आजही तिथे आखून ठेवल्या आहेत. मी त्या रेषेवर उभा राहिलो आणि तिथूनच मला हा नाद लागला. आपल्याजवळ त्या काळातलं काहीतरी असावं, हातात धरता येईल असं, असं फार वाटायला लागलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुट्टी मिळाली. दिमापूरहून दिल्ली, दिल्लीहून पुणे आणि पुढे सातारा. दिल्लीत गाडी बदलायला एक दिवस हाताशी होता. जुन्या वस्तूंच्या एका दुकानात काचेमागे ही टोपी दिसली. दुकानदाराने माझे केस आणि बूट बघूनच ओळखलं की गिऱ्हाईक फौजी आहे. आवाज खाली आणून म्हणाला, "कोहिमा से आई है, फ़ौजी भाई. अंग्रेज़ कप्तान की है. वहीं गिरा था." कोहिमाचं नाव ऐकलं आणि माझं डोकं चालेनासं झालं. त्याने वीस हजार सांगितले, मी चौदा हजार दिले. तेव्हाच्या पगाराचा तो जवळजवळ निम्मा हिस्सा होता. घरी बायकोला मी सहा हजार सांगितले, हेही आता लिहूनच टाकतो.

गावी पोचलो तर शाळेत १५ ऑगस्टची तयारी चालू होती. गुरुजी म्हणाले, झेंडावंदनानंतर मुलांना चार शब्द सांगा. मी टोपी घेऊनच गेलो. अर्धा तास बोललो. "ही टोपी कोहिमाच्या लढाईतली आहे," असं छातीठोकपणे सांगितलं. मुलं एका रांगेत आली आणि प्रत्येकाने तिला हात लावला. सहावीतल्या एका मुलीने हात लावल्यावर विचारलं, "त्या साहेबांचं नाव काय होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "ते आता कुणालाच माहीत नाही, बाळ," असं काहीतरी बोललो आणि पुढच्या मुलाला हात केला.

कार्यक्रमाला आबा आले होते. आबा म्हणजे आमच्या गावचे निवृत्त सुभेदार, १९७१ पाहिलेले. त्यांचे सख्खे चुलते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते. मार्च १९४४ मध्ये, कोहिमाचा वेढा पडण्याआधी, मणिपूरमध्ये सांगशाक नावाच्या उघड्या टेकडीवर ५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर हीच बटालियन २१ ते २६ तारखेपर्यंत जपान्यांना अडवून उभी होती. पाणी पुरेसं नाही, तारांचं कुंपण नाही. त्या पाच-सहा दिवसांनी पुढे कोहिमा आणि इम्फाळला तयारीसाठी वेळ मिळाला. आबांनी टोपी हातात घेतली, उलटसुलट केली आणि हळूच म्हणाले, "चुलते सांगायचे, जंगलात साहेब कुठला न् शिपाई कुठला, लांबनं वळखायचा न्हाई. वळखला की जपानी आधी साहेबाला टिपायचा. मग ही मिरवायची टोपी घालून कोण जाईल रे तिथं?"

चारचौघांत ते काही बोलले नाहीत, ही त्यांची मेहरबानी. पण त्या एका वाक्याने माझी उरलेली सुट्टी खराब केली.

परत आल्यावर मी वाचायला बसलो. तेव्हा कळलं की आबांच्या त्या वाक्यात सगळा इतिहास होता. ही टोपी ज्या जातीची आहे तिला आपण फौजेत पीक कॅप म्हणतो. ब्रिटिश सैन्यात खाकी सर्व्हिस ड्रेसबरोबर ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. महायुद्धात ती होती, पण ती छावणीतली, मुख्यालयातली, सुट्टीवर कलकत्त्याला जातानाची टोपी होती. त्याआधी हिंदुस्थानात गोऱ्या साहेबाची ओळख म्हणजे सोला हॅट. आपल्याकडे लग्नाच्या मुंडावळ्या आणि बाशिंगं ज्या भेंडाची करतात, त्याच भेंडाची ती बनायची. हलकी, पण पावसात भिजली की तिची रया जायची. बर्माच्या जंगलात तिचं काय कामच नव्हतं. तिथे रुंद काठाची फेल्टची बुश हॅट आणि लोखंडी हेल्मेट चाललं. चौदाव्या सेनेने खाकीही सोडून जंगलाचा हिरवा रंग घेतला. त्या सेनेचे सेनापती जनरल स्लिम यांचा लंडनमध्ये पुतळा आहे, त्याच्या डोक्यावरसुद्धा तीच रुंद काठाची हॅट आहे. अधिकारी आपली हुद्द्याची चिन्हं झाकायचे किंवा काढून ठेवायचे. मग जाड लोकरीची, चमकत्या बिल्ल्याची पीक कॅप घालून कप्तान कोहिमाच्या खंदकात उतरला, हे पटायला कठीण होतं. एखाद्याच्या सामानात ती असू शकते. पण 'वहीं गिरा था' हे दुकानदाराने माझ्या डोळ्यांत बघून तिथल्या तिथे रचलेलं होतं.

तरी मनाची समजूत घालत होतो. लढाईतली नसेल, पण त्या काळातली तर असेल? म्हणून टोपीचीच झडती घ्यायची ठरवली.

इथे एक अडचण आहे, ती नव्याने जमवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. शिपायाची वस्तू सरकारी असते. तिच्यावर कारखान्याचं नाव, माप, साल आणि सरकारी मालाचा बाणाचा शिक्का असतो. हिंदुस्थानात बनलेल्या मालावर बाणाखाली इंग्रजी 'आय' अक्षर असायचं. अधिकाऱ्याचं तसं नाही. अधिकारी आपला गणवेश तेव्हाही स्वतःच्या पैशाने शिंप्याकडून करून घ्यायचे आणि आजही घेतात. कुणी लंडनहून टोपी आणायचा, कुणी कलकत्त्याहून, तर कुणी छावणीच्या सदर बाजारात शिवायचा. त्यामुळे अधिकाऱ्यांच्या दोन अस्सल टोप्याही एकसारख्या नसतात. नकली माल विकणाऱ्याला हीच पळवाट मिळते. काही वेगळं दिसलं की तो म्हणतो, "खासगी शिंप्याची आहे, अशीच असते."

माझ्या टोपीत आतली चामड्याची घामपट्टी सगळीकडून सारखीच काळपट होती. खऱ्या वापरात कपाळाचा भाग जास्त काळा पडतो, मागचा कमी. कुणीतरी बुटाचं पॉलिश फडक्याने फिरवलं होतं. छज्जाची कड घासून झिजवली होती, पण जिथे बोटांनी टोपी धरतात तिथे नाही, भलतीकडेच. मग नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी आणली आणि रात्री खोलीत अंधार करून टोपीवर धरली. कापड गप्प राहिलं, पण शिवणीचा दोरा निळसर पांढरा लखलखला. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून दोऱ्यात आणि साबणात घालायची ती रसायनं महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. मग आतल्या बाजूने दोऱ्याचं एक टोक काढून पेटवलं. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो. सूत जळलं की कागदासारखी राख होते. हा दोरा वितळला आणि त्याची टणक गोळी झाली. पॉलिस्टर. हा धागा महायुद्धाच्या काळात शोधला गेला खरा, पण बाजारात आला तो १९५० नंतरच्या काळात.

तरी एक आशा होती की मागाहून कुणी टोपी दुरुस्त करून घेतली असेल, म्हणून दोरा नवा. ती आशा बिल्ल्याने संपवली.

बिल्ला रॉयल आर्टिलरीचा होता. तोफ, तिचं चाक, वर मुकुट आणि 'उबिक्वे' म्हणजे 'सर्वत्र' असं लॅटिन ब्रीद. बिल्ल्यांच्या एका पुस्तकात दोन फोटो शेजारी शेजारी होते. राजाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी गोल घुमटासारख्या वर फुगलेल्या असतात. १९५२ मध्ये एलिझाबेथ राणी झाली, त्यानंतर जो मुकुट आला त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. माझ्या बिल्ल्यावरच्या कमानी दबलेल्या होत्या. कप्तान पडला म्हणे १९४४ मध्ये, आणि त्याच्या डोक्यावर मुकुट आठ वर्षांनी गादीवर आलेल्या राणीचा!

मी दिव्याखाली कितीतरी वेळ ते दोन फोटो आणि तो बिल्ला बघत बसलो. चौदा हजारांचं वाईट वाटलंच. पण डोळ्यांसमोर येत होती ती शाळेतली रांग. साठ-सत्तर पोरांनी त्या टोपीला हात लावला होता, आणि माझ्या अंगावर वर्दी होती म्हणून त्यांनी माझं खरं मानलं होतं.

पुढच्या वेळी दिल्लीतून जाताना दुकानात गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "हमने तो जैसा मिला, वैसा बेचा." पावती नव्हती, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. ते दुकान कुठलं ते मी लिहिणार नाही. दोष त्याचा होता तेवढाच माझ्या हावेचाही होता.

आता यातला सगळ्यात लाजिरवाणा भाग. त्याच सुमारास ओळखीतून एक गृहस्थ भेटले. त्यांनाही हाच नाद. टोपीचा फोटो पाहून ते अठरा हजार द्यायला तयार झाले. त्यांनी विचारलं, "ओरिजिनल आहे ना?" मी म्हणालो, "दिल्लीहून घेतली, कोहिमाची म्हणून." बघा, यात एकही शब्द खोटा नव्हता. दुकानदाराचंच वाक्य मी वेगळ्या शब्दांत म्हणत होतो. दोन दिवस मी तो व्यवहार मनात घोळवला. चार हजार नफा आणि बायकोला सांगितलेल्या सहा हजारांचाही हिशेब जुळला असता. तिसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की टोपी नकली आहे, मुकुट चुकीचा आहे. ते थोडे रागावले, पण नंतर म्हणाले, "मग हजार-बाराशेला द्या, नाटकासाठी चालेल." ती मी दिली नाही. का दिली नाही ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी १५ ऑगस्टच्या वेळी पुन्हा गावात होतो. गुरुजींना आधी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "राहू द्या हो, पोरं विसरली असतील." मी म्हटलं, मी नाही विसरलो. टोपी घेऊन पुन्हा मुलांसमोर उभा राहिलो आणि मागच्या वर्षी मी जे सांगितलं ते चूक होतं, असं सांगितलं. बॅटरीचा उजेड पाडून चमकणारा दोरा दाखवला, दोन मुकुट फळ्यावर काढून दाखवले. एक पोरगं ओरडलं, "म्हणजे तुम्ही फसलात?" मी म्हटलं, "फसलो, आणि नंतर तुम्हालाही फसवलं." सगळी हसली. ती मुलगी आता सातवीत होती. तिने विचारलं, "मग खऱ्या साहेबांच्या टोप्या कुठे आहेत?"

मी तिला म्हणालो की टोप्या गेल्या. कुजल्या, जळल्या, कुठे पुरल्या गेल्या. पण नावं आहेत. कोहिमाला कबरींवर आहेत, दहन झालेल्यांची स्मारकावर आहेत. टोपी सापडली तर ती कुणाची हे शोधावं लागतं, आणि नाव सापडलं नाही तर नाव माहीत नाही असं सांगावं लागतं. आबा मागे खुर्चीवर बसले होते. जाताना त्यांनी फक्त पाठीवर थाप मारली.

त्यानंतर एवढ्या वर्षांत बऱ्याच नकला पाहिल्या, आणि एक समजलं की नक्कल करणं हे काही पाप नाही. सिनेमाला शंभर अधिकारी उभे करायचे तर शंभर अस्सल टोप्या कुठून आणणार? युरोप-अमेरिकेत जुन्या लढाया जशाच्या तशा करून दाखवणारे हौशी लोक आहेत. ते अस्सल टोपी पावसात घालणार नाहीत, घालूही नये. संग्रहालयांनाही नक्कल लागते. लोकर आणि रेशीम उजेडाने विरतं. जुन्या कापडावर साधारण पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देऊ नये असा संग्रहालयांचा दंडक आहे, आणि तेवढा उजेड म्हणजे जवळजवळ संधिप्रकाश. शिवाय कसर आहे, ईशान्येकडे बुरशी आहे. म्हणून कधी कधी अस्सल वस्तू अंधारात जपून ठेवतात आणि काचेत नक्कल मांडतात, तशी चिठ्ठी लावून.

काही नकलांमागची मूळ गोष्ट तर फार गमतीची आहे. अमेरिकन वैमानिकांची चेपलेली टोपी घ्या. १९४२ पासून आसामातल्या चबुआ, दिनजान अशा धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या टोकावरून चीनमधल्या कुनमिंगला सामान नेणारे वैमानिक होते, त्यांच्या डोक्यावरही ती दिसायची. पीक कॅपच्या घेराला ताठ ठेवायला आत तारेचं कडं असतं. विमानात कानाला फोन लावायचे तर ते कडं आड येतं. म्हणून कडं काढायची परवानगी मिळाली आणि टोपी दोन्ही बाजूंनी चेपली जाऊ लागली. जितकी चेपलेली, तितका वैमानिक मुरलेला. मग नवखे वैमानिक नवी टोपी मुद्दाम भिजवून चेपायला लागले. म्हणजे जुनेपणाची नक्कल करणारे पहिले लोक खुद्द त्या टोपीचे मालकच होते!

सगळ्यात जास्त नकला होतात त्या जर्मन अधिकाऱ्यांच्या टोप्यांच्या, कारण अस्सलला फार मोठी किंमत येते. अधिकाऱ्याच्या टोपीला रुपेरी गोफ, जनरलच्या टोपीला सोनेरी. कडेची रंगीत गोट कुठल्या शाखेची ते सांगते. पायदळाची पांढरी, तोफखान्याची लाल, रणगाड्यांची गुलाबी. नक्कल करणाऱ्यांनी हे सगळं पाठ केलेलं असतं, आतल्या शिक्क्यासकट.

आणि ती नक्कल कुठे होते? मला इथे बरेलीत त्याचं अर्धं उत्तर मिळालं. बरेली जरदोजीचं गाव. आमच्या पलटणीच्या जरीच्या बिल्ल्यांचं काम घेऊन मी जुन्या शहरात एका कारखान्यात गेलो होतो. कारखाना म्हणजे एक खोली. लाकडी चौकटीचा अड्डा, त्यावर ताणलेलं कापड, भोवती मांडी घालून बसलेले चार कारागीर. दबका, कोरा, नक्षी, गिजाई अशा तारेच्या जाती वाट्यांमध्ये कापून ठेवलेल्या. सुईच्या टोकावर तारेचा तुकडा मण्यासारखा ओवून ते इतक्या झरझर बसवतात की बघत राहावं. एक वृद्ध चाचा गर्द हिरव्या कापडावर रुपेरी पक्षी भरत होते. पसरलेले पंख, आणि पंजात एका गोलात स्वस्तिकाचं चिन्ह.

मी विचारलं, "चाचा, हे काय आहे माहीत आहे?" ते म्हणाले, "बाहर का ऑर्डर है. कोई बाज़ है शायद." मी त्यांना हिटलरबद्दल सांगितलं, मारल्या गेलेल्या लाखो ज्यूंबद्दल सांगितलं. जर्मनीत हे चिन्ह चारचौघांत मिरवायला कायद्याने बंदी आहे, फक्त शिक्षण, संशोधन, कला अशा कामांपुरती सूट आहे, हेही सांगितलं. ते ऐकत होते. मग चष्मा वर करून म्हणाले, "हमारे यहाँ तो शादी के कार्ड पर भी यही छपता है." तो वाकडा केलेला आहे आणि त्याच्याखाली काय काय झालं, हे मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण सुई थांबवली नाही. थांबवा, असं मलाही म्हणवलं नाही. पक्ष्यामागे मजुरी होती आणि घर त्यावर चालत होतं. मी फक्त विचारलं की मागच्या बाजूला आपलं काही निशाण टाकता का. ते हसले. "नाम कौन डालने देता है, साहब."

मला त्या हसण्याची फार आठवण येते. मूळ टोपीच्या मालकाचं नाव नाही, नक्कल करणाऱ्याचं नाव नाही. मधल्या मध्ये जो विकतो तो हव्या त्या नावाने विकतो. चाचांची सुई खोटं बोलत नव्हती. खोटं पुढे कुठेतरी लागणार होतं, एखाद्या दुकानात, आवाज खाली आणून.

तर ज्यांनी मला पत्रं लिहिली त्यांना माझं सांगणं असं. नक्कल घ्यायची तर नक्कल म्हणून घ्या, पावतीवर तसं लिहून घ्या आणि आतल्या पट्टीखाली न पुसणाऱ्या शाईने 'प्रतिकृती' आणि साल लिहून ठेवा. तुमच्यामागे तुमचा मुलगा किंवा पुतण्या ती विकेल तेव्हा त्याला कळलं पाहिजे. अस्सल म्हणून कुणी विकत असेल तर गोष्ट ऐकू नका, आधी टोपी बघा. मुकुट बघा, पण एकट्या मुकुटावर भरवसा ठेवू नका. २०२२ मध्ये चार्ल्स राजा झाल्यावर पुन्हा गोल कमानींचा मुकुट आला आहे, त्यामुळे कालचा बिल्लाही आता राजाच्या काळातला दिसेल. बिल्ल्याची मागची बाजू बघा. पत्र्यावर ठोकून काढलेल्या बिल्ल्याची मागची बाजू पुढच्या नक्षीप्रमाणे खोलगट असते. ओतीव नकलेचे बारकावे बोथट असतात आणि कधी कधी बारीक बुडबुडे दिसतात. दोरा बघा, घामपट्टी बघा. आणि शेवटी विचारा की ही कुणाकडून आली, त्याच्याकडे कशी आली. नेताजींची टोपी बोस कुटुंबाने जानेवारी २०१९ मध्ये दिली आणि ती लाल किल्ल्यातल्या संग्रहालयात आली. तिचं मोल कापडात नाही, घरातून घरात आलेल्या त्या साखळीत आहे. साखळी नसेल तर नकलेचाच भाव द्या.

आणखी एक. घरी काचेत ठेवा, नाटकात घाला, पण आपण सैनिक आहोत असं भासवायला सैनिकी पोशाख घालू नका. पूर्वी भारतीय दंड संहितेत तो गुन्हा होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ मध्ये आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ती टोपी डोक्यावर येण्यासाठी माणसं काय काय करतात ते आम्ही रोज बघतो.

रविवारी टोपी उन्हात ठेवली होती तेव्हा सीओ साहेबांनी पाहिली. आमच्या मोटिव्हेशन हॉलमध्ये महायुद्धाचा एक कोपरा आहे. साहेब म्हणाले, "तिथे ठेवू या का?" मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "मग हकीकतीसकट ठेवू." परवा ती काचेत गेली. शेजारी जांभळ्या उजेडाची बॅटरी साखळीने बांधली आहे, म्हणजे बघणाऱ्याला दोरा स्वतः तपासता येईल. चिठ्ठी मी लिहिली, हिंदीत आणि इंग्रजीत. मराठीत ती अशी होईल: "ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याच्या टोपीची प्रतिकृती. शिवणाऱ्याचं नाव माहीत नाही. २०१३ मध्ये अस्सल म्हणून घेतली. बिल्ल्यावरचा मुकुट १९५२ नंतरचा आहे. कोहिमाशी संबंध नाही."

बायकोला काल फोनवर खरी किंमतही सांगितली. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं, तुमचं पासबुक मी बघितलं होतं."

पुन्हा भेटू. जय हिंद.